'आम्ही' आणि 'आपण' : शॅम ६९ ची गोष्ट

मराठीत प्रथमपुरुषी अनेकवचनाची दोन रूपे आहेत. 'आम्ही' ऐकणाऱ्याला वगळते, 'आपण' त्याला सामावून घेते. इंग्रजीला ही सोय नाही. तेथे एकाच सर्वनामात दोन्ही अर्थ नांदतात आणि कोणता घ्यायचा हे बरेचदा ऐकणाराच ठरवतो. 'शॅम ६९' या ब्रिटिश पंक रॉक बँडची कारकीर्द मला या संदिग्धतेची शोकांतिका वाटते.

बँडचे नाव एका भिंतीवरून आले. लंडनच्या नैर्ऋत्येला सरे परगण्यात हर्शम हे गाव आहे. वॉल्टन अँड हर्शम या स्थानिक फुटबॉल संघाने १९६९ मध्ये मिळवलेल्या विजेतेपदाच्या आनंदात कुणीतरी भिंतीवर संघाचे नाव आणि साल रंगवले होते. काळाच्या ओघात अक्षरे पुसट झाली आणि उरली ती 'शॅम ६९' एवढीच. इंग्रजीत 'शॅम' म्हणजे बनावट. सच्चेपणाचा ध्यास घेतलेल्या गायकाच्या वाट्याला हे नाव यावे, हा योगायोग बोलका आहे.

तो गायक जिमी पर्सी. १९७७ मध्ये स्टेप फॉरवर्ड या छोट्या कंपनीने बँडची पहिली तबकडी काढली. तिचा निर्माता होता 'व्हेल्व्हेट अंडरग्राउंड'चा जॉन केल. पुढे पॉलिडोरसारखी मोठी कंपनी मिळाली. १९७८ मध्ये 'इफ द किड्स आर युनायटेड' ब्रिटिश क्रमवारीत नवव्या स्थानी पोहोचले, तर १९७९ मध्ये 'हर्शम बॉइज' सहाव्या. पंकच्या पहिल्या लाटेतील अनेक बँडांना कलाशाळांची पार्श्वभूमी होती. पर्सीची गाणी मात्र फुटबॉलच्या प्रेक्षागारातून आली होती. चार-सहा शब्दांचे ध्रुपद, त्यावर शेकडो कंठांचा प्रतिसाद. हे गाणे एकट्याने ऐकण्याचे नव्हे, गर्दीत उभे राहून म्हणण्याचे होते.

साहित्याच्या अभ्यासकाला 'दॅट्स लाइफ' (१९७८) हा अल्बम विशेष मोलाचा वाटेल. कामगार वर्गातील एका तरुणाचा एक दिवस, एवढाच त्याचा विषय. गाण्यांच्या मधल्या जागांत घरातली कुरबुर आणि रस्त्यावरचे संवाद पेरलेले आहेत. बोली येथे चवीपुरती वापरलेली नाही. निवेदनाची भाषाच ती आहे.

परंतु ज्या गर्दीसाठी ही गाणी होती, त्याच गर्दीत नॅशनल फ्रंट हा वर्णद्वेषी पक्ष आपली भरती करत होता. १९७७ च्या ग्रेटर लंडन कौन्सिलच्या निवडणुकीत त्याला लाखाहून अधिक मते पडली होती. पर्सीच्या कार्यक्रमांना डोके भादरलेले स्किनहेड तरुण मोठ्या संख्येने येत. ज्या स्किनहेड परंपरेची मुळे साठच्या दशकातील जमैकन संगीताच्या प्रेमात होती, तिच्यातील एक गट आता कृष्णवर्णीयांवर आणि आशियाई वस्त्यांवर धावून जात होता. बंद कारखान्यांनी आणि बेकारीने दिलेला राग खरा होता. त्याला दिलेले लक्ष्य खोटे होते.

पर्सी गप्प राहिला नाही. ३० एप्रिल १९७८ रोजी 'रॉक अगेन्स्ट रेसिझम'च्या मेळाव्यात, लंडनच्या व्हिक्टोरिया पार्कमध्ये, तो 'द क्लॅश'बरोबर व्यासपीठावर उभा राहिला. मात्र आपल्या श्रोत्यांना दाराबाहेर काढणे त्याला पटत नव्हते. ही मुले आपलीच आहेत, बोलत राहिलो तर वळतील, अशी त्याची श्रद्धा होती. १९७९ मध्ये लंडनच्या रेनबो थिएटरमधील कार्यक्रम नॅशनल फ्रंट समर्थक स्किनहेडांच्या धुडगुसाने उधळला गेला. पुढच्याच वर्षी बँड फुटला.

पर्सीला भाबडा ठरवणे सोपे आहे. पण ज्याने केवळ निषेध केला त्याच्यापेक्षा ज्याने त्या पोरांशी बोलण्याचा धोका पत्करला, त्याचे अपयश अधिक विचार करायला लावते. माझ्या मते चूक श्रद्धेत नव्हती, रचनेत होती. 'एक व्हा' असे सांगणाऱ्या त्या ध्रुपदात कोणी, कोणाबरोबर आणि कशासाठी एक व्हायचे याचा उच्चार नाही. पर्सी 'आपण' म्हणत होता. सभागृहाच्या एका कोपऱ्याला 'आम्ही' ऐकू येत होते. समूहगीताचे बळ ज्या मोघमपणात असते, तोच मोघमपणा त्याला कुणाच्याही हाती देतो. 'दॅट्स लाइफ'मधल्या त्या एका पोराच्या दिवसाचा असा ताबा घेणे कुणालाही जमले नसते, कारण तेथे माणूस ठोस आहे.

१९८७ मध्ये बँड पुन्हा उभा राहिला. पुढे सभासदांत फाटाफूट होऊन एकाच नावाचे दोन बँडही झाले. एकीचे गाणे गाणाऱ्यांच्या नशिबी हेही होते. २००५ मध्ये टोनी ब्लेअर पंतप्रधान असताना लेबर पक्षाच्या अधिवेशनात 'इफ द किड्स आर युनायटेड' वाजवले गेले. एकेकाळी स्किनहेडांनी आपले मानलेले गाणे आता सत्ताधाऱ्यांच्या सभागृहात वाजत होते, आणि त्यातला एक शब्दही बदलावा लागला नव्हता.