शेजाऱ्याचा चेहरा

मतभेद हे मनुष्यजातीचे जुने सोबती आहेत. त्यांचें भय बाळगण्याचें कारण नाहीं. परंतु ते वाढतां वाढतां शेजारचें माणूस दिसेनासें होऊन त्याच्या जागीं केवळ एक पक्ष किंवा एक पंथ दिसूं लागावा, ही अवस्था मात्र भयंकर होय. अशा वेळीं साध्या छायाचित्रानें कांहीं उपाय होतो काय, या प्रश्नाचा विचार करतांना जर्मनींतील आउगुस्ट झांडर या छायाचित्रकाराची हकीकत वाचकांपुढें ठेवावीशी वाटते.

झांडर १८७६ सालीं हेर्डोर्फ या खाणींच्या गांवीं एका सुताराच्या घरीं जन्मला. पुढें कोलोन येथें त्यानें चित्रशाळा थाटली आणि ‘विसाव्या शतकांतील माणसें’ हा प्रचंड संग्रह आरंभिला. शेतकरी, हलवाई, विटा वाहणारा मजूर, उद्योगपति, क्रांतिकारक, बेकार, सर्वांना त्यानें कॅमेऱ्यासमोर सारख्याच इभ्रतीनें उभें केलें. चित्राखालीं बहुधा नांव नसे. धंदा किंवा स्थिति तेवढी असे. १९२९ सालीं यांतील ६० चित्रें आल्फ्रेड ड्योब्लिन यांच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झालीं. १९३६ सालीं नाझी राजवटीनें त्या पुस्तकाचे ठसे नष्ट केले. माणसांची प्रतवारी लावण्यास निघालेल्या सत्तेस, कोणासही न वगळणारा हा चित्रसंग्रह कसा मानवावा?

याच सुमारास राजकारण झांडरच्या घरांत शिरलें होतें. त्याचा मुलगा एरिख हा समाजवादी कार्यकर्ता १९३४ सालीं पकडला गेला; दहा वर्षांची शिक्षा संपण्यापूर्वींच, १९४४ सालीं, तो तुरुंगांत वारला. इकडे १९३८ च्या सुमारास कोलोनचे यहुदी नागरिक ओळखपत्रासाठीं झांडरकडे येऊं लागले. त्याच्या कॅमेऱ्यासमोर नाझी गणवेशांतील माणसेंही बसलीं होतीं. युद्धानंतर त्यानें छळणारे व छळलेले या दोघांनाही आपल्या एकाच संग्रहांत स्थान दिलें. एरिखनें तुरुंगांत घेतलेलीं कैद्यांचीं चित्रेंही त्यांत आलीं. ज्यानें मुलगा गमावला त्यानें छळणाऱ्याचा चेहरासुद्धां विद्रूप केला नाहीं, हें पाहून वाचक क्षणभर थबकतो.

येथें एक गोष्ट विसरतां कामा नये. यहुद्यांच्या ओळखपत्रावरील चित्र सरकारला हवें होतें, तें शेजारी वेगळा काढण्यासाठीं. म्हणजे जी कला माणसास माणूस म्हणून दाखवते, तीच त्याच्यावर डाग देण्यासही उपयोगी पडते. फरक यंत्रांत नाहीं. कोण पाहतो व कशासाठीं पाहतो, यांत आहे.

२००७ सालीं जे-आर व मार्को यांनीं हाच प्रश्न इस्रायल व पॅलेस्टाइन यांच्या भूमीवर उभा केला. एकाच धंद्यांतील इस्रायली व पॅलेस्टिनी यांचे हंसरे, वेडेवांकडे चेहरे भव्य आकारांत छापून, त्यांनीं ते दोन्ही प्रजांना विभागणाऱ्या भिंतीच्या उभय बाजूंस शेजारीं शेजारीं चिकटविले. यांतील कोण कोणत्या बाजूचा, हें बघ्यांपैकीं पुष्कळांना सांगतां येईना. भिंत मात्र तशीच राहिली. २०२३ च्या ऑक्टोबरांत पेटलेलें युद्धही त्या चित्रांस टळलें नाहीं.

मग हा खटाटोप व्यर्थ काय? मला तसें वाटत नाहीं. रस्त्यांत शेजाऱ्याकडे टक लावून पाहणें असभ्यपणाचें ठरतें. चित्राकडे मात्र आपण निवांत पाहूं शकतों. त्या निवांतपणांत, ज्याच्याविषयीं आपलें मत आधींच ठरलेलें असतें, त्याच्या कपाळावरील आठी आपल्या वडिलांच्या आठीसारखी दिसूं लागते. चित्र तह घडवूं शकत नाहीं. तह करण्याजोगें माणूस समोर आहे, एवढेंच तें सांगतें. तें ऐकून शेजाऱ्याच्या दाराशीं जाण्याचें काम मात्र पाहणाऱ्यालाच करावें लागतें, आणि तें वेळेवर करावें लागतें. कोलोनमध्यें तें फार थोड्यांनीं केलें.