वेबकॅमचा अंगभूत मायक्रोफोन व स्वतंत्र मायक्रोफोन

वेबकॅमचा अंगभूत मायक्रोफोन म्हणजे संगणकाला जोडलेल्या अथवा लॅपटॉपच्या चौकटीत बसवलेल्या कॅमेऱ्यातच सामावलेला ध्वनिग्राहक होय. स्वतंत्र मायक्रोफोन हे केवळ ध्वनिग्रहणासाठी बनवलेले वेगळे उपकरण असून ते यूएसबी, ३.५ मिलिमीटरचा जॅक किंवा एक्सएलआर केबल यांद्वारे जोडले जाते. ऑनलाइन अध्यापन, मुलाखत किंवा ध्वनिमुद्रण यांसाठी या दोहोंतून निवड करताना उपकरणाच्या किमतीपेक्षा मायक्रोफोन आणि बोलणाऱ्याचे तोंड यांतील अंतर अधिक निर्णायक ठरते.

मराठीत मायक्रोफोनला अनेकदा ‘ध्वनिक्षेपक’ म्हटले जाते. वस्तुतः ध्वनिक्षेपक आवाज बाहेर फेकतो. आवाज घेणारा तो ध्वनिग्राहक.

पार्श्वभूमी

पहिला वेबकॅम मुका होता. केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेत १९९१ साली कॉफीच्या भांड्यावर रोखलेल्या त्या कॅमेऱ्याला भांडे भरलेले आहे की रिकामे, एवढेच दाखवायचे होते. पुढे समोरासमोर संभाषणासाठी वेबकॅम वापरला जाऊ लागला, तसा त्यात मायक्रोफोन आला. ॲपल कंपनीच्या २००३ सालच्या आयसाइट कॅमेऱ्यात तो होता. इतक्या लहान जागेत मायक्रोफोन बसवणे शक्य झाले, त्यामागे गेरहार्ड सेस्लर व जेम्स वेस्ट यांनी १९६२ साली बेल प्रयोगशाळेत विकसित केलेला इलेक्ट्रेट मायक्रोफोन आहे. अलीकडच्या उपकरणांत त्याची जागा बहुधा सिलिकॉनवर घडवलेल्या, तांदळाच्या काही दाण्यांएवढ्या ‘मेम्स’ मायक्रोफोनने घेतली आहे. २०२० साली शाळा बंद झाल्यावर महाराष्ट्रातील असंख्य शिक्षकांना आणि विद्यार्थ्यांना या इवल्याशा भागावर विसंबून राहावे लागले.

अंतर आणि खोली

मोकळ्या जागेत ध्वनिस्रोतापासूनचे अंतर दुप्पट झाले की आवाजाची पातळी सुमारे ६ डेसिबलने घटते. वेबकॅम पडद्यावर असल्याने तोंडापासून साधारण ६० सेंटिमीटर दूर असतो. मायक्रोफोन १५ सेंटिमीटरवर आणला, तर अंतर चौपट कमी होऊन आवाज सुमारे १२ डेसिबलने वाढतो. छताच्या पंख्याची घरघर, रस्त्यावरची वाहने आणि भिंतींवरून परतणारा प्रतिध्वनी मात्र जवळजवळ पूर्वीइतकेच राहतात. म्हणजे बोलणे वर येते व गोंगाट मागे पडतो. हा लाभ साध्या मायक्रोफोनलाही मिळतो. उलट महागडा मायक्रोफोन टेबलाच्या दूरच्या टोकाला ठेवला, तर तो फारसा मिळत नाही.

दूरचा आवाज क्षीण असल्यामुळे वेबकॅममधील किंवा संगणकातील स्वयंचलित यंत्रणा तो वाढवते. वक्ता क्षणभर थांबला की तीच यंत्रणा पंख्याचा आवाज वर आणते. त्यावर उपाय म्हणून गोंगाट गाळणारी प्रणाली चालवली, तर ती कधीकधी वर्णांच्या कडाही झिजवते.

मराठीच्या दृष्टीने ही हानी दुर्लक्षणीय नाही. ‘कार’ आणि ‘खार’, ‘ताट’ आणि ‘थाट’ यांतील भेद महाप्राणाच्या अल्पशा श्वासावर उभा असतो. ‘जग’ म्हणजे विश्व आणि ‘जग’ म्हणजे जिवंत राहा, यांतील भेद तर लिपीही दाखवत नाही. तो केवळ उच्चारातच ऐकू येतो. दुमदुमणाऱ्या खोलीत आधीच्या स्वराचा प्रतिध्वनी नेमका या सूक्ष्म भागांवर पसरतो. वाक्याचा संदर्भ ठाऊक असलेला प्रौढ श्रोता उरलेले भरून काढतो; श्रुतलेखन करणारे किंवा नवा शब्द प्रथमच ऐकणारे मूल तसे करू शकत नाही.

स्वतंत्र मायक्रोफोनचे प्रकार

कॉलरला लावायचा मायक्रोफोन अल्पखर्चाचा असून हालचाल करणाऱ्या शिक्षकास सोयीचा आहे. मात्र मोबाइलसाठी बनवलेल्या अशा मायक्रोफोनच्या पिनेवर चार धातुभाग असतात. ती पिन संगणकाच्या मायक्रोफोनसाठी असलेल्या वेगळ्या छिद्रात पुष्कळदा चालत नाही आणि दोष विनाकारण मायक्रोफोनला दिला जातो.

हेडसेटमध्ये मायक्रोफोन तोंडापासून ठरावीक अंतरावर राहतो. शिवाय समोरच्याचा आवाज कानातच जात असल्याने तो पुन्हा मायक्रोफोनमध्ये शिरत नाही. बिनतारी ब्लूटूथ हेडसेटबाबत सावधगिरी हवी. संभाषणाच्या जुन्या पद्धतीत ते ४,००० हर्ट्झच्या वरचा ध्वनी पाठवत नाहीत, तर ‘स’ या वर्णाची बरीचशी ऊर्जा त्याच्याही वर असते.

टेबलावरील यूएसबी मायक्रोफोन बहुधा कंडेन्सर जातीचे व हृदयाकार ग्रहणक्षेत्राचे असतात. ते समोरचा आवाज अधिक व मागचा कमी घेतात. त्यामुळे गोंगाटाचा स्रोत मायक्रोफोनच्या पाठीमागे येईल अशी मांडणी करावी. ‘प’, ‘फ’, ‘भ’ उच्चारताना बसणारा हवेचा झोत टाळण्यासाठी तो तोंडाच्या किंचित बाजूला ठेवतात. एक्सएलआर जोडणीच्या मायक्रोफोनला वेगळे ध्वनी-इंटरफेस लागते, कंडेन्सर असल्यास ४८ व्होल्टचा पुरवठाही. वर्गासाठी हा खटाटोप सहसा अनावश्यक आहे.

अंगभूत मायक्रोफोन पुरेसा केव्हा

पडदे, गाद्या, पुस्तकांची कपाटे असलेल्या शांत खोलीत, लॅपटॉपजवळ बसून केलेल्या अल्पकालीन संभाषणास अंगभूत मायक्रोफोन पुरतो. एकाच कॅमेऱ्यासमोर दोघे-तिघे बसणार असतील, तर एकाच्या कॉलरवरील मायक्रोफोनपेक्षा तो सोयीचाही ठरतो. तासन्‌तास शिकवणे, फरशी व उघड्या भिंतींची खोली किंवा जपून ठेवायचे ध्वनिमुद्रण असेल, तेथे स्वतंत्र मायक्रोफोन घ्यावा. नवा वेबकॅम आणि मायक्रोफोन यांपैकी एकाचाच खर्च परवडत असेल, तर अध्यापनासाठी मायक्रोफोनला अग्रक्रम देणे योग्य: धूसर चित्रासह पाठ समजतो, धूसर आवाजासह नाही.

जोडणीनंतरची तपासणी

स्वतंत्र मायक्रोफोन जोडल्यावरही संगणक वेबकॅमचाच मायक्रोफोन वापरत राहणे, ही नेहमी आढळणारी चूक आहे. संभाषणाच्या प्रणालीतील ध्वनी-विभागात उपकरणाचे नाव निवडून खात्री करावी. सोपी कसोटी अशी: थोडे ध्वनिमुद्रण सुरू करून मायक्रोफोनच्या जाळीवर नखाने हलके टकटक करावी. मुद्रण ऐकताना टकटक ठळक आली, तर तोच मायक्रोफोन चालू आहे. दुरून आल्यासारखी ऐकू आली, तर आवाज अजून वेबकॅममधूनच जात आहे.