पेशीतील ‘ध’चा ‘मा’

नारायणराव पेशव्यांस ‘धरावे’ या आज्ञेतील ‘ध’चा आनंदीबाईंनी ‘मा’ केला, आणि ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात रक्त सांडले, ही आख्यायिका आपल्याकडे लहान मुलांसही ठाऊक असते. इतिहासाच्या कसोटीस ती कितपत उतरते, हा प्रश्न निराळा. परंतु मानवी पेशीत एकाच आज्ञेचे ‘तारावे’ आणि ‘मारावे’ असे दोन पाठ निघतात, हे मात्र १९९३ साली सप्रमाण सिद्ध झाले.

पेशी मरते ती आघाताने, विषाने किंवा उपासमारीने, अशी वैद्यकाची जुनी समजूत. कार्ल फोख्ट याने १८४२ साली बेडकाच्या जातीच्या एका प्राण्याची वाढ न्याहाळताना काही पेशी आपोआप नाहीशा होताना पाहिल्या. वाल्टर फ्लेमिंग यास १८८५ साली अंडाशयात तोच प्रकार आढळला. दोघांचीही निरीक्षणे विस्मृतीत गेली. ज्या वस्तूस नाव नाही, ती डोळ्यांपुढे असूनही विद्वानांस दिसत नाही, हेच त्याचे कारण असावे असे मला वाटते. अखेर १९७२ साली केर, वायली व करी या तिघांनी ॲबर्डीन येथील ग्रीक भाषेचे प्राध्यापक जेम्स कॉर्मॅक यांजकडून एक शब्द घेतला: ॲपॉप्टोसिस, म्हणजे पानगळ.

हा शब्द किती नेमका आहे, हे समजण्यास ग्रीक यावयास नको. नंदुरबार जिल्ह्यातील कोरीटच्या उत्तरेस सातपुडा आहे. तेथील साग उन्हाळ्याच्या तोंडी पाने टाकतो. पण त्याचीच फांदी हिरवी असताना तोडली, तर तिची पाने वाळूनही देठाशी चिकटून राहतात. कारण पान गाळणे हे जिवंत झाडाचे कर्म होय. पेशीचे मरणही तसेच.

यात कर्करोगाचा संबंध कसा आला? १९८४-८५ च्या सुमारास लसीका-पेशींच्या एका कर्करोगात बी-सी-एल-२ हे जनुक सापडले. ते पेशींची संख्या भराभर वाढवीत असेल, असा तर्क साहजिक होता. १९८८ साली मेलबर्न येथे व्हॉक्स, कोरी व ॲडम्स यांनी दाखविले की ते पेशींस वाढवीत नाही, मरू देत नाही!

पुढे १९९३ साली त्याचेच भावंड बी-सी-एल-एक्स उजेडात आले. जनुकावरून उतरलेल्या संदेशातील काही भाग गाळून उरलेले सांधण्याची पेशीची रीत आहे. दीर्घ पाठापासून २३३ अमिनो आम्लांचे प्रथिन बनते; ते पेशीचे रक्षण करते. सांधा किंचित अलीकडे पडून मधली ६३ गळाली, की १७० चे ऱ्हस्व प्रथिन बनते, आणि ते रक्षकांचेच हात बांधून मृत्यूस वाट देते. आनंदीबाईंचे साम्य मात्र येथे संपते. पेशीत कोणी कपटी लेखनिक नाही. दोन्ही पाठ मूळ लेखातच अधिकृतपणे आहेत, आणि त्यांच्या प्रमाणावर पेशीचे जगणे-मरणे बऱ्याच अंशी ठरते.

हे प्रमाण मनुष्यास बदलता येईल काय? १९९९ साली प्रयोगशाळेतील कर्करोगाच्या पेशींत संदेशाचा सांधा ऱ्हस्व पाठाकडे वळविण्यात यश आले. बी-सी-एल-२ ला निकामी करणारे व्हेनेटोक्लॅक्स हे औषध तर २०१६ पासून अमेरिकेत रक्ताच्या एका कर्करोगावर दिले जाते. दीर्घ बी-सी-एल-एक्सची गोष्ट अधिक नाजूक आहे. रक्त गोठविणाऱ्या बिंबिका, म्हणजे प्लेटलेट, याच प्रथिनाच्या आधारे आपले चार दिवस काढतात. त्यास रोखणारे औषध दिले, की कर्करोगाच्या पेशींबरोबर रोग्याच्या बिंबिकाही घटू लागतात.