ग्लासगोचा अर्जदार

२० जानेवारी १८४३ रोजी लंडनमध्ये एडवर्ड ड्रमंड या गृहस्थांवर पाठीमागून गोळी झाडण्यात आली व पाच दिवसांनी ते निवर्तले. ते इंग्लंडचे पंतप्रधान सर रॉबर्ट पील यांचे खाजगी चिटणीस होते. मारेकरी डॅनियल मॅकनॉटन याने त्यांनाच पील समजून नेम धरला होता, असे मानले जाते. हा खटला कायद्याच्या इतिहासात गाजला. आम्हांस मात्र त्याची पूर्वपीठिका अधिक विचार करण्याजोगी वाटते.

मॅकनॉटन ग्लासगोचा कातारी होता. धंदा नेटका, गाठीस पैसा, शरीरशास्त्राच्या व्याख्यानांस जाण्याची हौस. अशा माणसास वेडा कोण म्हणेल? तथापि टोरी पक्षाचे हेर आपला सतत पाठलाग करीत आहेत, अशी त्याची दृढ समजूत होती. तो फ्रान्सला गेला, तर तेथेही ते हेर हजर! त्याने वडिलांना सांगितले. पोलिसांकडे, नगरप्रमुखांकडे, पार्लमेंटच्या सभासदाकडे दाद मागितली. काहींना शंका आली. परंतु उपचार झाला नाही.

भ्रमविकाराची खूण हीच, की एक विषय वगळता माणूस व्यवस्थित असतो. कोणी छळाच्या, कोणी जोडीदाराच्या व्यभिचाराच्या, तर कोणी स्वतःच्या थोरवीच्या कल्पनेने पछाडलेला असतो. सामान्य संशय पुराव्याने ढिला पडतो. भ्रम मात्र पुराव्यालाच कटात सामील करून घेतो. अशी समजूत महिनोन्‌महिने टिकली, झोप व नातीगोती तिच्यापायी विस्कटू लागली, तर वाद घालू नये आणि होकारही भरू नये. भीतीची आस्थेने विचारपूस करून मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यावे. असे बहुतेक रुग्ण कोणासही इजा करीत नाहीत, हेही विसरू नये.

न्यायालयाने मॅकनॉटनला वेडाच्या कारणास्तव निर्दोष ठरवून बेथलेम रुग्णालयात धाडले. लोकक्षोभ उसळल्यावर सरदारसभेने न्यायाधीशांस प्रश्न विचारले. त्यांच्या उत्तरांतून मॅकनॉटन नियम निघाले. १८६० च्या भारतीय दंड संहितेतील ८४ व्या कलमावर त्यांचीच छाया आहे. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय न्याय संहितेचे २२ वे कलम झाले.

आम्हां कचेरीतील मंडळींपुढे असे अर्जदार येतातच. तक्रार खरीही असू शकते, म्हणून चौकशी आधी करावी. मात्र ती निराधार ठरली म्हणून कागद दप्तरी दाखल करून मोकळे होऊ नये. अर्जदाराच्या घरच्यांशी दोन शब्द बोलावेत. ग्लासगोत तक्रारीचा निकाल लागला होता, तक्रारदार मात्र तसाच राहिला होता.