जुना लॅपटॉप घेताय? स्टिकर सोडा, प्रोसेसरचा नंबर वाचा

दहावीनंतर मुलगा डिप्लोमाला गेला, मुलीला एमएस-सीआयटी लावलं किंवा झेरॉक्सच्या दुकानात ऑनलाइन फॉर्म भरायचं काम सुरू करायचं ठरलं, की घरात लॅपटॉपचा विषय निघतो. नव्या चांगल्या लॅपटॉपचे भाव ऐकून गप्प बसावं लागतं. हातात पंधरा-वीस हजार असतात, तेही सोयाबीनच्या किंवा दुधाच्या पैशातून बाजूला काढलेले. मग कुणीतरी सांगतं, तालुक्याला सेकंड हँड मिळतो, आय ७ आहे, एकदम मक्खन चालतो.

जुना लॅपटॉप घेण्यात काही वाईट नाही. मोठ्या कंपन्या आपल्या ऑफिसचे लॅपटॉप काही वर्षांनी एकदम बदलतात आणि ते मुंबईच्या लॅमिंग्टन रोड, दिल्लीच्या नेहरू प्लेस अशा बाजारांतून जिल्ह्याच्या ठिकाणापर्यंत येतात. डेलचा लॅटिट्यूड, एचपीचा एलिटबुक आणि प्रोबुक, लेनोवोचा थिंकपॅड ही त्यातली नेहमीची नावं. हे ऑफिससाठी बनलेले असल्यानं मजबूत असतात, उघडायला सोपे असतात आणि त्यांचे सुटे भाग मिळतात.

पण सध्या या बाजारात एक भानगड आहे. मायक्रोसॉफ्टनं १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित सपोर्ट बंद केला. विंडोज ११ मात्र सगळ्या जुन्या मशीनवर अधिकृतपणे चालत नाही. इंटेलचा प्रोसेसर असेल तर ढोबळमानानं आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. म्हणून ऑफिसांनी सहाव्या आणि सातव्या पिढीचे लॅपटॉप काढायला घेतले आणि तेच आता स्वस्तात विकले जातायत. दुकानदार आडमार्गानं त्यात विंडोज ११ टाकून देतो. स्क्रीनवर सगळं नवंकोरं दिसतं. मायक्रोसॉफ्टचं म्हणणं मात्र स्पष्ट आहे की अशा मशीनला पुढे अपडेट मिळतीलच याची हमी नाही. बँकेचे व्यवहार किंवा लोकांचे आधार-पॅन हाताळायचे असतील, तर हा धोका साधा नाही.

नंबर कसा वाचायचा?

लॅपटॉपवर आय ३, आय ५, आय ७ असं स्टिकर असतं. गिऱ्हाईक तेच बघतं आणि विकणाराही तेच दाखवतो. खरी माहिती त्यापुढच्या नंबरात असते. सेटिंगमध्ये सिस्टीम आणि त्यात अबाउट उघडलं की प्रोसेसरचं पूर्ण नाव दिसतं. आय ५-६३००यू म्हणजे सहावी पिढी, आय ५-८२५०यू म्हणजे आठवी. पहिला आकडा तीच पिढी. आकडा १ नं सुरू होत असेल तर पहिले दोन घ्यायचे, म्हणजे १०२१० ही दहावी आणि ११३५ ही अकरावी.

हा फरक नुसता विंडोजपुरता नाही. पातळ लॅपटॉपमध्ये येणाऱ्या यू मालिकेत सातव्या पिढीपर्यंत आय ५ ला दोनच कोअर होते, आठव्या पिढीत ते चार झाले. त्यामुळे चौथ्या पिढीचा आय ७-४६००यू घेण्यापेक्षा आठव्या पिढीचा आय ५ कधीही बरा. एएमडीचा रायझेन असेल तर साधारण रायझेन ३००० मालिकेपासून पुढचा बघा. त्यातलेही एकदोन अपवाद आहेत, म्हणून मायक्रोसॉफ्टचं पीसी हेल्थ चेक हे फुकटचं अ‍ॅप दुकानातच चालवून घेतलेलं चांगलं. मशीन विंडोज ११ ला पात्र आहे की नाही ते लगेच कळतं.

आठव्या पिढीचा आय ५, ८ जीबी रॅम, २५६ जीबी एसएसडी असा ऑफिसातून आलेला लॅपटॉप साधारण पंधरा ते बावीस हजारांच्या आसपास मागितला जातो. २०२५ च्या शेवटापासून रॅम आणि एसएसडीचे भाव जगभर चढले आहेत, कारण एआयच्या डेटा सेंटरना मेमरी मोठ्या प्रमाणात लागतेय. म्हणून आकडा पक्का धरू नका, दोन-तीन दुकानांत विचारा. याचा दुसरा अर्थ असा की ४ जीबीचा घेऊन ‘रॅम नंतर टाकू’ हा हिशोब आता महागात पडू शकतो. ८ जीबी आतच असलेला बघा.

तेवढ्याच पैशात नवा मिळतोय की!

मिळतो. सेलेरॉन एन४०२० सारखा दोन कोअरचा प्रोसेसर, ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी ईएमएमसी असे नवे लॅपटॉप ऑनलाइन सेलमध्ये दिसतात. दिसायला छान, वॉरंटीही असते. पण त्यातली मेमरी बहुधा बोर्डालाच चिकटवलेली असते, म्हणजे वाढवायची सोय नाही. विंडोज आणि त्याची अपडेट ६४ जीबीतली बरीच जागा खाऊन टाकतात. क्रोममध्ये चार टॅब उघडले की मशीन धापा टाकतं. नुसतं व्हिडिओ लेक्चर बघायचं असेल तर ते काम मोबाइलही करतो. या लॅपटॉपवर वीस हजार घालणं परवडत नाही.

पैसे देण्याआधीची अर्धा तास तपासणी

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडतो. त्यात परफॉर्मन्सवर गेलं की रॅम किती, रॅमचे स्लॉट किती आणि किती भरलेत, डिस्क एसएसडी आहे की जुनी हार्ड डिस्क, सगळं लिहून येतं. तोंडी सांगण्यावर जायचं कारणच उरत नाही.

मग सेटिंगमध्ये अ‍ॅक्टिव्हेशन बघा. डिजिटल लायसन्सनं अ‍ॅक्टिव्हेट झाल्याचं लिहिलं असेल तर ठीक. ‘ऑर्गनायझेशनची अ‍ॅक्टिव्हेशन सर्व्हिस’ असे शब्द आले, तर बहुतेक वेळा विंडोज जुगाड करून चालू केलेलं असतं. ऑफिसच्या लॅपटॉपला मूळचं लायसन्स बोर्डातच असतं, त्यामुळे नीट इंटरनेटला जोडून पुन्हा टाकलं तर ते आपोआप लागू होतं. दुकानदाराला तसं करून मागा.

याच्याही पुढची गोष्ट फार लोकांना ठाऊक नसते. कंपनीनं लॅपटॉप आपल्या यंत्रणेतून काढलाच नसेल, तर फॉरमॅट केल्यावर सुरुवातीलाच त्या कंपनीचं नाव येतं आणि तिथल्याच ईमेलनं लॉगिन मागतं. तो लॅपटॉप आपला होत नाही. म्हणून दुकानात समोर रीसेट करायला लावा, वायफाय जोडा आणि पहिल्या स्क्रीनपासून बघा. सुरू होताना बायॉसचा पासवर्ड मागत असेल तर तो नग सोडून द्या.

बॅटरीसाठी कमांड प्रॉम्प्टमध्ये इंग्रजीतून पॉवरसीएफजी, मग एक जागा सोडून स्लॅश आणि त्याला लागून बॅटरीरिपोर्ट असं टाइप करायचं. एक फाइल तयार होते. तिच्यात डिझाइन कपॅसिटी आणि फुल चार्ज कपॅसिटी असे दोन आकडे असतात. दुसरा पहिल्याच्या निम्म्यावर आला असेल तर नव्या बॅटरीचे पैसे भावातून कमी करून घ्या. टचपॅड वर उचललेला वाटला तर खालची बॅटरी फुगलेली असू शकते, तो घेऊच नका. बिजागरी, कीबोर्डची प्रत्येक कळ, कॅमेरा, माइक, वायफाय हे तर बघालच. चार्जर मूळ कंपनीचा हवा. डेलसारखे लॅपटॉप डुप्लिकेट चार्जर ओळखतात, मग बॅटरी चार्ज होत नाही आणि मशीनही हळू चालतं. चार्जिंगला लावल्यावर लोखंडी बॉडीला हात लावताना झिणझिण्या येत असतील, तर दोष बहुतेक वेळा घरातल्या अर्थिंगचा असतो, लॅपटॉपचा नाही.

घरात पडलेला जुना असेल तर

नवं काही घेण्याआधी तोच बघा. बंद पडलेला नसून नुसता स्लो झाला असेल, तर रोग बहुधा हार्ड डिस्कचा असतो. फिरत्या चकतीची हार्ड डिस्क सेकंदाला शंभर एमबीच्या आसपास वाचते, साधी साटा एसएसडी पाचशेच्या वर जाते. खरा फरक बारक्या फाइली वाचताना पडतो, तिथे चकतीला जागोजागी फिरावं लागतं. पाच मिनिटं घेऊन सुरू होणारा लॅपटॉप एसएसडी टाकल्यावर अर्ध्या मिनिटात उभा राहतो.

जुन्या हार्ड डिस्कच्या जागी अडीच इंची साटा एसएसडी बसते, चार स्क्रू काढायचं काम. नवीन लॅपटॉपमध्ये एम डॉट टूचा छोटा स्लॉट असतो. त्यातही साटा आणि एनव्हीएमई असे दोन प्रकार आहेत, एकाच्या जागी दुसरी चालेलच असं नाही. मॉडेल नंबर घेऊनच दुकानात जा. रॅमचंही तसंच आहे. डीडीआर३ च्या स्लॉटात डीडीआर४ बसत नाही आणि डेस्कटॉपची रॅम लॅपटॉपला चालत नाही. काढलेली हार्ड डिस्क दुकानात सोडून येऊ नका, तिच्यात घरचे फोटो आणि कागदपत्रं असतात. केसिंगमध्ये घातली की बॅकअपला कामी येते.

असा जुना लॅपटॉप विंडोज ११ ला पात्र नसेल तर लिनक्स मिंट किंवा उबुंटू फुकट मिळतं. अपडेट येत राहतात, मराठी टायपिंग होतं, लिबरऑफिसमध्ये पत्र आणि हिशोब होतात. अभ्यासाला एवढं पुरतं. सेवा केंद्र चालवणाऱ्यांनी मात्र या वाटेला जाऊ नये. बोटांचे ठसे घेणारं मशीन, जुना प्रिंटर, टॅली ही सगळी मंडळी विंडोजची सवय झालेली आहेत. विंडोज १० वरच राहायचं असेल तर घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सुरक्षा अपडेटची सोय मायक्रोसॉफ्टनं दिली आहे. मायक्रोसॉफ्ट खात्यानं लॉगिन करून सेटिंगचा बॅकअप चालू ठेवला तर त्याचे पैसे पडत नाहीत.

लॅपटॉप एका जागीच ठेवायचा असेल तर ऑफिसातून निघालेला छोटा डेस्कटॉप त्याहून स्वस्तात जमतो. एचडीएमआय असेल तर घरातला टीव्हीच स्क्रीन म्हणून लागतो. फक्त लाइटचा भरवसा नाही तिथे यूपीएसचे पैसे आधीच धरा.

इंटरनेट मोबाइलच्या हॉटस्पॉटवर असेल तर वायफायच्या सेटिंगमध्ये मीटर्ड कनेक्शन चालू करा. नाहीतर रोजचा दीड जीबी एका अपडेटमध्ये उडतो आणि संध्याकाळी लेक्चर बंद. आठवड्यातून एकदा मात्र डेटा बघून अपडेट होऊ द्या.

बिल पक्कंच घ्या. त्यावर दुकानाचा जीएसटी नंबर, लॅपटॉपचा सिरीयल नंबर आणि वॉरंटी किती महिन्यांची, हे लिहून हवं. सिरीयल नंबर लॅपटॉपच्या खालच्या स्टिकरशी जुळवा. चोरीचा माल निघाला तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३१७ जाणूनबुजून घेणाऱ्यालाही लागतं, आणि आपण प्रामाणिकपणे घेतला हे दाखवायला बिलाइतका चांगला पुरावा नाही. ऑनलाइन जाहिरात बघून ‘मी फौजी आहे, बदली झालीय, आधी थोडे पाठवा’ म्हणणाऱ्याला एक रुपया पाठवू नका. पैसे गेलेच तर लगेच १९३० ला फोन लावा. दुकानदार लिहून दिलेली वॉरंटी नाकारत असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. त्यातून काम झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे फी लागत नाही.