कोचीची साक्ष आणि लॅटिन नावे

वनस्पतींच्या शास्त्रीय नामकरणाचा इतिहास बहुधा स्वीडनच्या कार्ल लिनियसपासून सांगितला जातो. नियमापुरते ते यथार्थच आहे. १७५३ साली प्रसिद्ध झालेला त्याचा 'स्पीसीज प्लांटारम' हा ग्रंथ आरंभबिंदू मानला गेला असून त्यापूर्वीचे कोणतेही नाव, ते कितीही रूढ असो, शास्त्रात ग्राह्य धरले जात नाही. परंतु लिनियस कधी भारतात आला नव्हता. मग इथल्या झाडांचे ज्ञान त्याला कोठून मिळाले, याचा शोध घेऊ लागलो की आपण कोचीला येऊन पोहोचतो.

डच ईस्ट इंडिया कंपनीचा मलबारमधील अधिकारी हेंड्रिक व्हान रीड याने 'होर्टुस मलाबारिकुस' हा द्वादशखंडी ग्रंथ सिद्ध करविला. १६७८ ते १६९३ या काळात तो ॲम्स्टरडॅमला छापला गेला. सातशेहून अधिक वनस्पतींची वर्णने आणि मोठी ताम्रपट-चित्रे त्यात आहेत. ज्ञान मात्र स्थानिक वैद्यांचे होते. त्यांत मलयाळी वैद्य इट्टी अच्युदन होते, आणि रंग भट, विनायक पंडित व अपू भट हे तीन कोंकणीभाषी ब्राह्मण वैद्यही होते. पोर्तुगीज राजवटीत गोवा सोडून कोचीला स्थिरावलेल्या समाजातले हे लोक. त्यांचे १६७५ सालचे कोंकणी साक्षपत्र पहिल्या खंडात नागरी अक्षरांत छापलेले आहे. ॲम्स्टरडॅमच्या कोरक्याला ती अक्षरे केवळ चित्रासारखी दिसली असतील. तरीही ती उमटली, याचे आम्हांस अप्रूप वाटते. चित्रांवरही झाडांची नावे रोमन, मलयाळी व अरबी लिपींबरोबर नागरीत कोरलेली आढळतात.

लिनियसपूर्वी झाडाचे शास्त्रीय नाव म्हणजे लॅटिनमधील एक लांबलचक वर्णनवाक्यच असे. लिनियसने ते टाकले नाही. त्याच्या बाजूला, समासात, एक सुटसुटीत शब्द छापला. प्रजातीच्या नावाला जोडलेला तो शब्द पुढे टिकला आणि वाक्य विस्मरणात गेले. हा शब्द निवडताना त्याने कित्येकदा व्हान रीडच्या ग्रंथातील मूळ नावच उचलले. सोनचाफ्याला त्याने 'मिशेलिया चंपाका' म्हटले. पहिले पद फ्लॉरेन्सच्या मिकेली या वनस्पतिज्ञाच्या गौरवार्थ, दुसरे 'चंपक'. पुढे मिशेलिया ही स्वतंत्र प्रजाती नव्हे असे ठरून सोनचाफा 'मॅग्नोलिया'त गेला. ते पद माँपेलियेच्या मान्योल यांच्या स्मरणार्थ आहे. जाती दुसऱ्या प्रजातीत हलली तरी तिचे स्वतःचे पद, काही अडचण नसल्यास, सोबत जाते असा नियम आहे. त्यामुळे एका युरोपीयाची जागा दुसऱ्या युरोपीयाने घेतली. चंपक जागचा हलला नाही.

कांदळवनातील 'कांडेल'ची कथा याहून बोलकी आहे. लिनियसने या झाडाला 'रायझोफोरा कांडेल' म्हटले. पुढे ते 'कांडेलिया कांडेल' झाले, म्हणजे दोन्ही पदे मलबारची. प्रत्येक नावाला एक आधारभूत नमुना असावा लागतो आणि नाव त्याच नमुन्याशी बांधलेले असते. इथे वाळवलेली फांदी नाही. व्हान रीडच्या ग्रंथातले चित्र हाच तो आधार. चीन, तैवान, जपानकडील झाडेही दीर्घकाळ याच नावाने ओळखली जात. ती जाती वेगळी आहे हे स्पष्ट झाल्यावर जुने नाव कोणाकडे राहावे, हा प्रश्न उभा राहिला. चित्र मलबारचे असल्याने नाव इकडच्या झाडांकडे राहिले, आणि २००३ साली पूर्वेकडील झाडांना 'कांडेलिया ओबोव्हाटा' हे नवे नाव द्यावे लागले. मांडवीच्या मुखाजवळ चोडण बेटाच्या खारफुटीत वाढणारा कांडेल आजही त्या जुन्या नावाचाच धनी आहे.