लढाईपूर्वीची सीताबर्डी

नागपूर शहराच्या मध्यभागीं उभी असलेली सीताबर्डीची टेकडी आपणां पुष्कळांच्या परिचयाची आहे. शाळेंत इतिहास शिकवितांना मी तिचें नांव एकाच प्रसंगीं घेत असें. १८१७ च्या नोव्हेंबरांत, २६ व २७ तारखांस, आप्पासाहेब भोसल्यांच्या सैन्याची व इंग्रजांची येथें लढाई झाली. धाकटी टेकडी भोसल्यांच्या अरबांनीं घेतली व पुन्हां गमावली. आणि नागपूरच्या स्वतंत्र सत्तेचा जवळजवळ निकाल लागला. सन फळ्यावर लिहिला कीं धडा संपे. ही टेकडी झाली कशाची, हें मीं विद्यार्थ्यांस कधीं विचारलें नाहीं. त्यांनींही मला विचारलें नाहीं.

तें विचारणारे दोन गृहस्थ एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास नागपुरांत होते. स्टीफन हिस्लॉप व रॉबर्ट हंटर हे स्कॉटलंडचे मिशनरी. हिस्लॉपसाहेबांचा जन्म लढाईच्याच वर्षींचा. १८४५ मध्यें ते नागपुरास आले. त्यांच्या धर्मप्रचाराविषयीं कोणाचें कांहींही मत असो, त्यांच्या नजरेचें कौतुक करावेंच लागतें. सीताबर्डीवर त्यांस दिसलें कीं, वरचा काळा खडक व खालचा सच्छिद्र खडक यांच्यामध्यें गाळाचा एक पातळ थर आहे. शहरानजीकच्या टाकळी येथें तशाच थरांत गोगलगाईंचे शंख, फळें व बिया दगड होऊन पडलेल्या सांपडल्या. शंख समुद्रांतले नव्हते. गोड्या पाण्यांतले होते. १८५५ मध्यें लंडनच्या भूशास्त्रीय संस्थेच्या त्रैमासिकांत या दोघांनीं हें सर्व प्रसिद्ध केलें.

गोगलगाईचा शंख तो केवढा! परंतु त्यानें सांगितलेली हकीकत मोठी आहे. काळा खडक म्हणजे भूमीच्या भेगांतून वर येऊन थिजलेला तप्त रस. तो सारा एकदांच आला असता तर मध्यें शंख कोठून येणार? एक लोट आला व निवाला. त्याच्या पाठीवर पावसाचें पाणी सांचून तळें झालें, कांठीं झाडें वाढलीं, फळें गळलीं, तळाशीं गाळ बसला. आणि मग दुसरा लोट त्या सर्वांवरून वाहत गेला. दोन प्रलयांच्या मध्यें एवढी स्वस्थता होती! हिस्लॉपसाहेबांच्या काळीं या घटनेचें वय मोजण्याचें साधन नव्हतें. आज तें आहे, व तें सुमारें ६ कोटि ६० लक्ष वर्षें सांगतें. सह्याद्रीच्या डोंगरांना ज्या पायऱ्या दिसतात, त्या याच लोटांच्या.

१८६३ च्या सप्टेंबरांत टाकळघाटचीं प्राचीन शिलावर्तुळें पाहून परततांना हिस्लॉपसाहेब ओढ्याच्या पुरांत बुडाले. त्यांच्या नांवाचें महाविद्यालय नागपुरांत सर्वांना ठाऊक आहे. टाकळीचे शंख फार थोड्यांना.

सीताबर्डीचा किल्ला लष्कराच्या ताब्यांत असल्यामुळें हवें तेव्हां वर जातां येत नाहीं. टाकळीकडे शहर वाढलें आहे. तरी पश्चिम भागांत घराच्या पायासाठीं कोठें खड्डा खणलेला दिसला, तर मी आतां कांठाशीं उभा राहतों. वर माती, खालीं मुरूम, त्याखालीं काळा पाषाण. मध्यें एखादी फिकट रेघ आहे कीं काय, तें पाहतों. खणणारे हंसतात. पण घाई करावी लागते. आठ-पंधरा दिवसांत खड्डा सिमेंटनें भरून जातो.